भरवशाच्या म्हशीचं गणित

परवा इडलीचं पीठ वाटताना आमचा मिक्सर घरघरला आणि गप्प झाला. भांडं काढून मिक्सर उलटा केला, बुडाशी असलेलं लाल बटण दाबलं, तेव्हा पुन्हा सुरू झाला. घेताना दुकानदार म्हणाला होता, "एकदम रिलायबल पीस आहे." भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं पुटपुटत मी माहितीपत्रक शोधलं. त्यात लिहिलं होतं : पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबा. मी दहा मिनिटं सलग दामटत होतो.

या 'रिलायबल'वर एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतल्याच शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडली होती. 'रिलाय'पुढे 'ऑन' येतो, मग शब्द 'रिलायऑनेबल' हवा, असा त्यांचा हेका! शब्द टिकला, हेका विरला.

आपण विश्वासू माणसाला आणि टिकाऊ पंख्याला सारखंच रिलायबल म्हणतो. इंजिनिअर मात्र तसं मोघम बोलत नाही. त्याच्या लेखी रिलायबिलिटी म्हणजे एक संभाव्यता : ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या मुदतीपर्यंत वस्तू नेमून दिलेलं काम न बिघडता करील, याची. परिस्थिती मी मोडली होती. मिक्सर बिचारा शब्दाला जागला.

खरी गंमत अनेक भाग एकत्र आले की होते. व्ही-१ या उडत्या बॉम्बवर काम केलेले जर्मन अभियंते रॉबर्ट लुसर यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो. एकही भाग बिघडला तरी सगळं यंत्र अडत असेल, तर यंत्राची रिलायबिलिटी म्हणजे सगळ्या भागांच्या रिलायबिलिटीचा गुणाकार. प्रत्येक भाग ९९ टक्के भरवशाचा असला, तरी असे १०० भाग जोडलेलं यंत्र जेमतेम ३७ टक्के भरवशाचं उरतं! प्रत्येक भाग ९९.९ टक्क्यांवर नेला, तर तेच यंत्र ९० टक्क्यांवर जातं. दशांश चिन्हापुढच्या त्या एका नवासाठी कारखाने घाम गाळतात, तो उगाच नाही.

हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात अनेकदा 'दोन बिघाडांमधला सरासरी काळ १० लाख तास' असं छापलेलं असतं. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षं. पणतवंडांनाही पुरेल, असं वाटतं ना? पण हा आकडा एका डिस्कचं आयुष्य सांगत नाही. तो ताफ्याचा हिशेब आहे, तोही डिस्क झिजायला लागण्याआधीच्या काळापुरता. हजार डिस्क अहोरात्र चालू ठेवल्या, तर सरासरी दर हजार तासांनी, म्हणजे सुमारे ४२ दिवसांनी, त्यातली एक जाईल. कुठली, ते आकडा सांगत नाही.