किटलीच्या तळातला खडक

एप्रिल लागतो, नळाला पाणी यायचे दिवस लांबत जातात आणि खान्देशातल्या कितीतरी घरांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरात येतं. मग महिनाभरातच विजेच्या किटलीचा चकचकीत तळ पांढरट, खरबरीत होतो. त्यावर दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, हाच चुना पोटात जाऊन मुतखडा होतो. दुसरा, मोबाइलवर फिरणारा इलाज: खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओता, फेस येईल आणि थर निघून जाईल. दोन्ही चुकीचं आहे, पण आधी तो थर येतो कुठून ते पाहू.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. त्यातल्या फेल्डस्पार नावाच्या खनिजात कॅल्शियम असतं, काळ्या मातीत तर चुनखडीचे खडे हाताला लागतात. पावसाचं पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड सोबत घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. निव्वळ पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट लिटरला जेमतेम 14-15 मिलिग्रॅम विरघळतं. कार्बन डायऑक्साइडची साथ मिळाली की त्याचं बायकार्बोनेट होतं आणि तेच प्रमाण शेकड्यांत जातं. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस 10500 या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात.

पाणी तापवलं की हा सगळा प्रवास उलटा होतो. वायू उडून जातो, बायकार्बोनेट मोडतं आणि कार्बोनेट खाली बसतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कार्बोनेट मात्र कमी. म्हणून जिथे उष्णता सर्वांत जास्त, तिथेच, म्हणजे तळावर, ते आधी धरतं. नव्या किटलीत पहिल्या आठवड्यात बॅटरी लावून पाहा, तळावर बारीक पांढरी वर्तुळं दिसतील. वाफेचा बुडबुडा जिथे बसतो, तिथे त्याच्या बुडाखालची पाण्याची पातळ फिल्म आटते आणि त्यातला क्षार कडेला कड्यासारखा उरतो. पुढचे स्फटिक त्या कड्यावरच वाढतात. एकदा थर धरला की तो भरभर वाढतो, तो यामुळे.

थोडा हिशोब करू. 1500 वॅटच्या किटलीचा तळ साधारण 12 सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे सुमारे 113 चौरस सेंटिमीटर. एवढ्या जागेतून सगळी उष्णता वर जायची. स्टीलच्या मानाने क्षाराचा थर उष्णता कितीतरी कमी वाहतो. तो घट्ट आणि 1 मिलिमीटर जाड असेल, तर ती उष्णता पलीकडे ढकलायला तळ आणखी सुमारे 65 अंश तापावा लागतो, थर सच्छिद्र असेल तर त्याहूनही जास्त. वीजबिल मात्र यामुळे दुप्पट होत नाही, कारण उष्णतेला शेवटी पाण्याशिवाय फारशी वाट नाही. खरा त्रास कॉइलला होतो. तळाखालची द्विधातूची (दोन धातू जोडलेली, तापली की वाकणारी) पट्टी किटली कोरडी पडली असं समजून पाणी उकळायच्या आधीच वीज तोडते. थर्मोस्टॅट गेला म्हणून बदललेल्या बऱ्याच किटल्यांना नुसती सफाई पुरली असती.

सफाईला किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घ्यावं. किती? लिटरला 300 मिलिग्रॅम कठीणपणाचं पाणी रोज 3 लिटर उकळलं, तर महिन्याला जास्तीत जास्त 27 ग्रॅम क्षार निघतो. त्यातला निम्मा तळाला चिकटला असं धरलं, तर तो विरघळवायला 17 ग्रॅमच्या आसपास लिंबूफूल लागतं. थोडं जास्तच ठेवून एक लिटर पाण्याला 30 ग्रॅम घ्या. पाणी थराच्या वर येईल इतकं भरा, चांगलं गरम करा, उकळायच्या आत बंद करा आणि प्लग काढा. मग लिंबूफूल थोडं थोडं टाका. उकळत्या पाण्यात एकदम टाकलं तर फेस उतू जाऊन खालच्या वीजजोडणीत शिरतो. अर्धा-पाऊण तास ठेवा. बुडबुडे थांबले आणि थर शिल्लक राहिला तर ॲसिड संपलं असं समजा आणि ताजं घ्या. जुन्या पाण्यात पांढरी पूड तरंगते ती कॅल्शियम सायट्रेटची, ते पाण्यात फारसं विरघळत नाही. तोटीची जाळी काढून वाटीत वेगळी भिजवा. शेवटी साधं पाणी एकदा उकळून फेकून द्या. तारेची घासणी लावू नका, प्रत्येक ओरखडा म्हणजे बुडबुड्याला नवी जागा.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतले की दोघं एकमेकांनाच संपवतात, फेस दिसतो आणि थराच्या वाट्याला ॲसिड उरत नाही. नुसतं व्हिनेगर चालतं. मुतखड्याचं म्हणाल तर बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, किटलीतला थर कार्बोनेटचा. आपल्याकडच्या उन्हात दिवसभर पाणी कमी पिणं हे मुतखड्याचं मोठं कारण आहे, आणि चुन्याच्या भीतीने पाणीच कमी प्यालं तर धोका उलट वाढतो.

यावल-रावेरच्या केळीवाल्यांना हे रसायन पाठ आहे. ठिबकचे ड्रिपर पांढऱ्या क्षाराने बुजले की ते ॲसिड सोडतात आणि शेवटच्या ड्रिपरच्या पाण्यात निळा लिटमस लाल झाला की संच काही तास बंद ठेवतात. पण शेतातलं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड स्वयंपाकघरात आणू नये. त्यातला क्लोराइड स्टीलवरचं क्रोमियम ऑक्साइडचं संरक्षक कवच फोडतो, तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते बुजत नाहीत. ॲल्युमिनियमच्या कुकरला तर ते खातंच. कुकरच्या तळातल्या पाण्यात लिंबाची साल किंवा चिंचेचं बोटूक टाकायची आजीची सवय मात्र अगदी बरोबर आहे: क्षारी पाण्यात ॲल्युमिनियम काळं पडतं आणि सौम्य आम्ल तो काळेपणा धरू देत नाही.

तुरटीने गढूळपणा जातो, कठीणपणा तसाच राहतो. आरोचं पाणी वापरलं तर किटलीत थर जवळपास धरत नाही. आणि इतकं करूनही पाणी उकळल्यावर किटली आपोआप बंद होत नसेल, तर झाकणाजवळचं वाफेचं बारीक भोक पाहा. तेही क्षाराने बुजतं आणि मुठीजवळच्या द्विधातूच्या चकतीपर्यंत वाफ पोचत नाही. लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवलेला कापूस तिथे दहा मिनिटं धरून ठेवा.