मोठा चोणक म्हणजे आई

गेल्या एप्रिलमध्ये गोव्यातल्या शापोरा नदीकाठच्या एका वाडीवर गरीने, म्हणजे गळाने, मासे पकडायचा गावचा उत्सव होता, मी दोन्ही पोरांना घेऊन गेलो होतो. सकाळी भरती लागायच्या वेळेला बांधावर साठ-सत्तर माणसं ओळीने बसलेली, कुणाकडे रीलवाला महागडा रॉड तर कुणाकडे नुसती बांबूची काठी आणि तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, आमिषाला जिवंत सुंगटं म्हणजे कोळंबी. नियम असा की मासा मिळाला की ओल्या फळीवर आडवा ठेवून लांबी मोजायची, एक फोटो काढायचा आणि लगेच परत पाण्यात सोडायचा. तराजू कुठेच नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

कारण काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात असाच कार्यक्रम बघितला होता, तिथे सगळ्यात जड माशाला बक्षीस. दुपारपर्यंत पाच मोठे चोणक, म्हणजे इंग्रजीतले बारामुंडी मासे, ताडपत्रीवर उन्हात पडलेले, लोक त्यांच्याबरोबर सेल्फी काढत होते. तेव्हा मला काही वाटलं नाही. आज वाटतं, कारण मधल्या काळात मी या माशाबद्दल वाचलं.

चोणक जन्माला येतो तो बहुतेक वेळा नर होण्यासाठी. तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो, एक-दोन हंगाम तसाच काढतो, आणि मग साधारण सहा-सात वर्षांचा होऊन ८०-९० सेंटीमीटरच्या पुढे गेला की त्याच शरीरात वृषणाच्या जागी अंडाशय तयार होतं. म्हणजे तोच मासा आता मादी. ऐकायला विचित्र वाटतं पण हिशोब सरळ आहे, शुक्राणू बनवायला लहान शरीर पुरतं, अंडी मात्र पोटात जागा असेल तेवढीच मावतात, म्हणून मोठं झाल्यावर मादी असण्यात वंशाचा फायदा जास्त. सव्वा मीटरच्या आसपासची एक मादी ३ ते ४ कोटी अंडी घालू शकते. त्यातली बहुतेक पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात म्हणूनच एवढी अंडी लागतात.

आता जड माशाला बक्षीस ठेवलं की काय होतं ते बघा. आपण नदीतून फक्त माद्या वेचून काढतो. छोटे चोणक दिसत राहतात, लोक म्हणतात मासे आहेत की भरपूर, पण ते जवळजवळ सगळे नर असतात आणि त्यातला एखादा मादी व्हायला अजून चार वर्षं लागणार असतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात याच माशासाठी दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे, ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान न्यायचा नाही आणि १२० पेक्षा मोठाही न्यायचा नाही. लहानाला सोडा हे आपल्याकडे सगळ्यांना पटतं, मोठ्याला सोडा म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात.

बरं, सगळ्या माशांना एकच नियम लावून चालत नाही. तांबोशी घ्या. खाडीत, खारफुटीच्या मुळांत जी तांबोशी गरीला लागते ती बहुतेक अजून पोरवयातली असते, मोठी झाली की ती नदी सोडून बाहेर समुद्रात खोल खडकाळ भागात जाते आणि अंडी तिकडे घालते. म्हणजे नदीत मिळणाऱ्या तांबोशीने आयुष्यात अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. काळुंदराची गोष्ट आणखी वेगळी, तिथे आई आणि बाप दोघं मिळून दगडाला किंवा लाकडाला चिकटवलेल्या अंड्यांची राखण करतात, पंखांनी पाणी हलवत राहतात, त्यातला एक जरी काढला तरी घर उघडं पडतं. आणि शेवटो, जो २०१६ पासून गोव्याचा राज्य मासा आहे, तो अंडी घालायला समुद्रात जातो आणि त्याची पिल्लं वाढायला परत खाडीत येतात. नदी एकच, पण प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं.

चोणकाचं वेळापत्रक पाण्याशी बांधलेलं आहे. अंडी घालायला त्याला नदीच्या मुखाजवळचं खारं पाणी लागतं, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात, रात्री, भरतीच्या सुमाराला, म्हणजे अंडी आणि पिल्लं पाण्याबरोबर आपोआप आत खारफुटीत ढकलली जातात. अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. मग पिल्लं खाजनातल्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीतल्या, पोयींमध्ये म्हणजे तळ्यांमध्ये, ओहोळांत, कधी पार गोड्या पाण्यापर्यंत वर चढतात आणि वाढून पुन्हा खाली येतात. वाटेत बंधारा आला, मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेचं, दार कायमचं बंद पडलं किंवा खारफुटी भराव घालून बुजवली तर आपण गरीला लागलेले कितीही मासे सोडले तरी उपयोग नाही. जुनी लाकडी मानस भरतीला स्वतः मिटते आणि ओहोटीला पाण्याच्या जोराने उघडते, तिची डागडुजी करणं हेसुद्धा मासे वाचवणंच आहे असं मला मनापासून वाटतं.

नुसतं सोडलं म्हणजे मासा जगला असंही नाही. गरीवर झुंज देताना त्याचे स्नायू ऑक्सिजनशिवाय काम करतात, रक्तात लॅक्टिक आम्ल साठतं, माणूस जिने चढून धापा टाकतो तसंच. त्यात आपलं उन्हाळ्यातलं पाणी गरम. २० डिग्रीच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० डिग्रीला साडेसात, आणि पाणी खारं असलं की आणखी कमी. म्हणून हवेत धरून ठेवायचा वेळ श्वास रोखून मोजावा, आपल्याला गुदमरलं की त्यालाही गुदमरलं. हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथून बुरशी शिरते. जबड्याला धरून उभा लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या. गरी खोल गिळली असेल तर ओढाताण न करता तंगूस कापून टाका. गोल गरी वापरली तर ती बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात अडकते आणि हा प्रश्नच येत नाही.

त्या दिवशी साडेनऊच्या सुमाराला खालच्या वळणावर एका मुलाच्या काठीला जोरात ओढ बसली. पंधरा मिनिटं लागली. वर आला तो चोणक फळीवर ठेवला तर ९४ सेंटीमीटर, खवले चांदीसारखे, डोळ्यात सोनेरी झाक, कल्ले जोरजोरात उघडत मिटत होते. मुलगा त्याला उचलून सगळ्यांना दाखवायला बघत होता. शेजारी गुडघाभर पाण्यात उभे असलेले म्हातारे काका शांतपणे म्हणाले, "सोड तिका बाबा, आवय ती." मुलाने दोन्ही हातांनी पोटाखाली आधार देऊन तिला पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून धरलं. सुरुवातीला ती नुसती पडून राहिली. मग कल्ले संथ झाले, शेपटी एकदा हलली, आणि गढूळ पाण्यात ती दिसेनाशी झाली. माझ्या धाकटीने वहीत लांबी लिहिली आणि पुढच्या रकान्यात, जिथे मासा सोडला की ठेवला ते लिहायचं होतं, तिथे मोठ्या अक्षरात 'गेली' असं लिहिलं.