स्पंजाचा नमुना फॉर्मलिनमध्ये आणू नका : तपासणीला येण्याआधी वाचावे

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या तेल-चरबी तपासणाऱ्या लॅबमध्ये समुद्री स्पंजाचे (खडकाला चिकटून राहणाऱ्या भोकाभोकांच्या प्राण्याचे) नमुने यायला लागतात. रत्नागिरी-मालवणकडे फील्डवर्क करून आलेले झूऑलॉजीचे विद्यार्थी, पीएचडीवाले, कधी सर किंवा मॅडम स्वतः येतात. बरणी टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "रिपोर्ट कधी मिळेल?" झाकण उघडलं की फॉर्मलिनचा (प्राणी टिकवायच्या द्रावणाचा) वास नाकाला झोंबतो, मग आम्हाला सांगावं लागतं की यातून तुम्हाला हवं ते नीट निघणार नाही. रात्रभराचा रेल्वेप्रवास करून आलेल्या मुलीला हे सांगताना फार वाईट वाटतं. म्हणून हे पत्रक छापून घेतलं.

सवय कुठून लागली ते कळतं. कॉलेजच्या म्युझियममध्ये बेडूक, मासा, गांडूळ सगळं फॉर्मलिनमध्येच असतं. आकार टिकवायचा असेल तर ते ठीक आहे. तुम्हाला मात्र स्पंजाचा आकार नको, त्याची चरबी हवी आहे.

ही चरबी घाण्यावरच्या तेलासारखी नसते. आपल्या सोयाबीन, सरकी, जवसाच्या तेलातली मेदाम्लं, म्हणजे चरबी ज्यांची बनते ती कार्बनच्या साखळीची आम्लं, बहुतेक १६ आणि १८ कार्बनची. स्पंजात २४ ते ३० कार्बनच्या लांबलचक साखळ्या सापडतात, आणि त्यांतले दुहेरी बंध बरेचदा ५ व्या आणि ९ व्या कार्बनवर असतात. जवसाच्या तेलात दोन दुहेरी बंधांच्या मधे एकच कार्बन मोकळा असतो, इथे दोन असतात. मायक्रोसिओना प्रोलिफेरा या स्पंजातली २६ कार्बनची अशी दोन आम्लं १९७४ साली प्रसिद्ध झाली. स्पंजांच्या डेमोस्पंज या मोठ्या गटावरून अशा आम्लांना डेमोस्पंजिक आम्लं म्हणतात. स्पंज आधी साखळी लांब करतो आणि दुहेरी बंध नंतर घालतो.

ही आम्लं तेलाच्या थेंबासारखी सुटी साठवलेली नसतात. ती पेशींच्या पडद्यात, फॉस्फोलिपिडांना (पडद्याच्या फॉस्फरसयुक्त चरबीला) जोडलेली असतात, आणि त्यांचा मोठा वाटा फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन या एका फॉस्फोलिपिडात असतो. या रेणूच्या टोकाला अमाइन (नायट्रोजनचा गट) असतं आणि फॉर्मलिन नेमकं अमाइनलाच जाऊन चिकटतं. म्हणजे तुम्ही जे शोधायला निघालात, त्यालाच आधी बांधून टाकलं. शिवाय जुनं फॉर्मलिन आंबट होतं, त्यातलं आम्ल चरबी तोडत राहतं.

मग आणायचं कसं? गोठवून, काचेत आणि अंधारात. ओला स्पंज निदान ५० ग्रॅम घ्या. समुद्राच्याच पाण्यात हलवून वाळू काढा. भोकांत बसलेले बारीक किडे, शेवाळाचे धागे, लहान शिंपले चिमट्याने वेचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एखादा किडा आत राहिला तर त्याची चरबीही रिपोर्टमध्ये स्पंजाच्या नावावर येते. मग पाणी निथळून घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा. किनाऱ्यावर ड्राय आइस मिळत नाही, हे आम्हाला माहीत आहे. कुल्फीवाला करतो तेच करा: बर्फाचा चुरा आणि जाडं मीठ, साधारण तीनास एक, थर्माकोलच्या डब्यात. ते शून्याच्या बरंच खाली जातं. वाटेत बर्फ बदला आणि पाणी काढून टाका. एकदा वितळून पुन्हा गोठवलेला नमुना आम्ही घेतो, पण रिपोर्टवर तसं लिहितो. उन्हात वाळवून तर मुळीच आणू नका. आपल्याकडच्या उन्हात अशी चरबी लवकर खवट होते.

प्लास्टिकच्या पिशवीबद्दल वेगळं सांगतो. आमच्या पहिल्याच वर्षी एका नमुन्याच्या आलेखात, जिथे प्रत्येक घटकाचं एक शिखर येतं, एक शिखर बाकी सगळ्यांपेक्षा उंच आलं. नवीन काहीतरी सापडलं म्हणून आम्ही दोन दिवस त्याच्या मागे होतो. ते पिशवीतून उतरलेलं प्लास्टिक मऊ करणारं रसायन निघालं. तेव्हापासून धुऊन भाजलेल्या काचेच्या बाटल्या आम्हीच देतो. सहलीला निघण्याआधी घेऊन जा, पैसे लागत नाहीत.

नखाएवढा एक तुकडा मात्र वेगळ्या बाटलीत स्पिरिटमध्ये ठेवा. जात ओळखायला त्यातल्या काचेसारख्या सुया सूक्ष्मदर्शकाखाली बघाव्या लागतात आणि नाव नसलेल्या नमुन्याच्या आकड्यांचा प्रबंधात उपयोग होत नाही. सुया हातात घुसून खाज सुटते, हातमोजे घाला. विभागात आधीपासून स्पिरिटमध्ये ठेवलेला स्पंज असेल तर ते स्पिरिट ओतून देऊ नका, चरबीचा काही भाग त्यातच उतरलेला असतो. जिथे परवानगी लागते, तिथल्या नमुन्यासोबत परवानगीपत्राची प्रत जोडा. मालवणच्या सागरी अभयारण्यातला नमुना त्याशिवाय घेतला जाणार नाही.

स्पंजाचा दर तेलाच्या दुप्पट का, हे सगळे विचारतात. तेलाचा नमुना घटक नळीतून एकेक करून बाहेर काढणाऱ्या यंत्रावर अर्ध्या तासात उरकतो, कारण १८ कार्बनची आम्लं लवकर बाहेर येतात. २६ आणि ३० कार्बनवाली फार उशिरा येतात. तेलाच्याच वेळापत्रकावर स्पंज चालवला तर यंत्र थांबतं तेव्हा ती अजून नळीतच असतात, आणि कागदावर फक्त पामिटिक, ओलेइक अशी ओळखीची नावं उरतात. असे दुसरीकडून करून आणलेले रिपोर्ट आम्ही पाहिले आहेत. आम्ही एक नमुना दीड तास चालवतो, तापमान वर नेऊन शेवटपर्यंत थांबतो. दुहेरी बंधाची जागा पक्की करायला रेणूच्या तुकड्यांची वजनं दाखवणारा मास स्पेक्ट्रम लागतो, तो नागपूरहून करून आणतो. त्यासाठी आम्लाची दोन रूपं करतात; मिथाइल एस्टरमध्ये ८१ वजनाचा आणि पायरोलिडाइडमध्ये १८० वजनाचा ठळक तुकडा दिसला, तरच आम्ही ५,९ (दुहेरी बंध ५ व्या आणि ९ व्या कार्बनवर) लिहितो. म्हणून तीन आठवडे धरा.

रिपोर्टमध्ये फांद्या असलेली, म्हणजे सरळ साखळी नसलेली, आम्लं दिसली तर नमुना बिघडला असं समजू नका. स्पंजाच्या अंगात बॅक्टेरिया मुक्कामाला असतात, काही जातींत तर खूपच, आणि त्यांची चरबीही सोबत येते. त्यावर वेगळं प्रकरण लिहिता येईल.

ज्यांना कोकण परवडत नाही, त्यांनी भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव बघावेत. पाणी उतरलं की बुडालेल्या दगडांवर, काड्यांवर गोड्या पाण्यातल्या स्पंजाचा हिरवट-करडा थर शोधा. गोड्या पाण्यातल्या स्पंजांतही ५,९ वाली आम्लं असतात. सकाळी काढलेला नमुना संध्याकाळपर्यंत आमच्या फ्रीजरमध्ये पोचतो, त्यामुळे आमचे सगळ्यात स्वच्छ रिपोर्ट याच नमुन्यांचे आहेत. फक्त निघण्याआधी फोन करा. लाइन गेली असेल तर जनरेटर लावून ठेवतो.