हाडातली पांढरी गाठ म्हणजे दरवेळी प्रोस्टेटचा कॅन्सर नसतो

मायलोमा, म्हणजे हाडातल्या मॅरोमध्ये (मज्जेत) होणारा रक्ताचा कॅन्सर, म्हटलं की बहुतेकांना एकच एक्स-रे आठवतो, कवटीत पंच मारल्यासारखी गोल गोल भोकं, आणि मला वाटतं वेगळ्या दिसणाऱ्या गाठी हुकतात त्या याच सवयीमुळे. खरं तर हा आजार सापडला तोच एक्स-रे यायच्या कितीतरी आधी. 1845 मध्ये लंडनचा एक किराणा व्यापारी, थॉमस मॅकबीन, छाती-पाठीच्या दुखण्याने बेजार होता, त्याच्या लघवीत काहीतरी होतं जे गरम केलं की विरघळायचं आणि गार झालं की परत घट्ट व्हायचं, म्हणून डॉ. वॉटसननी ती केमिस्ट्री जाणणाऱ्या डॉ. हेन्री बेन्स जोन्सकडे पाठवून विचारलं, हे काय आहे? पुढच्याच 1 जानेवारीला मॅकबीन गेला. हाडं इतकी ठिसूळ झाली होती की सुरीने सहज कापली जात होती. यामागे प्लाझ्मा सेल, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, आहेत हे मात्र 1900 मध्ये बोस्टनच्या राइटनी दाखवलं.

एक्स-रेची अडचण अशी की हाडाचा साधारण तिसरा हिस्सा तरी झिजल्याशिवाय त्यात काही दिसत नाही. बोन स्कॅनही बऱ्याचदा फसवतो कारण तो नवीन हाड बनतंय तिथे चमकतो आणि मायलोमात ते बनणंच दबलेलं असतं. म्हणून मायलोमाच्या निदानाच्या 2014 च्या निकषांत सीटी, पेट-सीटी आणि एमआरआय आले.

आता उलटा प्रकार. काही जणांत भोकं पडत नाहीत, हाड उलट घट्ट, पांढरं होतं. 1956 मध्ये क्रो यांनी अशा गाठी आणि नसांचा त्रास एकत्र असलेले दोन पेशंट नोंदवले, 1980 मध्ये प्लाझ्मा सेलच्या या दुर्मीळ आजाराला पोएम्स (POEMS) हे नाव मिळालं. पेशंट येतो पायाला मुंग्या येतात म्हणून, रक्तातलं एम प्रोटीन (बिघडलेल्या प्लाझ्मा सेल बनवतात ती अँटीबॉडी) जेमतेम, मॅरोमध्येही फारसं काही नाही, आणि वयस्कर पुरुष असला की पांढरी गाठ बघून पहिला संशय हाडात पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरवर जातो. अशा वेळी नुसत्या मॅरोवर न थांबता त्या गाठीचीच बायोप्सी करायला हवी. सीडी138 या मार्करने प्लाझ्मा सेल ओळखू येतात आणि कप्पा-लॅम्डा (अँटीबॉडीच्या साखळीचे दोन प्रकार) बघितलं की सगळ्या एकाच जातीच्या, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेल्या, आहेत का ते कळतं, पोएम्समध्ये त्या जवळपास नेहमीच लॅम्डा निघतात. आणि गाठ एकच, मॅरो स्वच्छ, बाकी काहीच त्रास नाही असं असेल तर तो सॉलिटरी प्लाझ्मासायटोमा (प्लाझ्मा सेलची एकटी गाठ), त्याला मुख्यतः रेडिएशन देतात.