नोवोसिबिर्स्क, १९६८ : टोकामॅकवर जगाचा विश्वास कसा बसला?

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची अणुसंमीलन ऊर्जा परिषद आज या विषयातला एक सर्वात महत्त्वाचा मेळावा मानली जाते. अणुसंमीलन म्हणजे हलकी अणुकेंद्रकं एकत्र येऊन ऊर्जा बाहेर पडणं. तिला हे वजन आलं ते १९६८च्या नोवोसिबिर्स्कमधल्या तिसऱ्या बैठकीपासून, असं मला ठामपणे वाटतं. तिथे चर्चा गाजली ती टोकामॅकची, म्हणजे प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा अतितप्त वायू) चुंबकीय क्षेत्राने कड्याच्या आकारात कोंडून ठेवणाऱ्या यंत्राची.

सुरुवातीला हा सगळा विषय कडीकुलपात होता. अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ आपापलं काम गुप्त ठेवत. अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरच्या १९५५च्या जिनिव्हा परिषदेत अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभांनी सांगितलं, की येत्या दोन दशकांत अणुसंमीलनाची ऊर्जा नियंत्रित स्वरूपात मिळवण्याची पद्धत सापडेल. ते भाकीत खरं ठरलं नाही, पण विषय चारचौघांत आला. १९५८च्या जानेवारीत ब्रिटनने ‘झीटा’ यंत्रात संमीलन साधल्याचा गाजावाजा केला आणि काही महिन्यांतच तो दावा मागे घेतला. त्याच वर्षी जिनिव्हाच्या दुसऱ्या परिषदेत तिन्ही देशांनी आपलं संशोधन खुलं केलं. पुढे १९६१मध्ये साल्झबुर्गला या परिषदमालिकेची सुरुवात झाली. दुसरी बैठक १९६५मध्ये इंग्लंडमधल्या कलम (Culham) इथल्या अणुसंमीलन प्रयोगशाळेत भरली.

ऑगस्ट १९६८मध्ये सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कला सोव्हिएत शास्त्रज्ञ लेव्ह आर्त्सिमोविच यांनी मॉस्कोच्या टी-३ टोकामॅकचे आकडे मांडले. इलेक्ट्रॉनांचं तापमान सुमारे एक कोटी अंश होतं आणि प्लाझ्मा तोवरच्या अंदाजापेक्षा कित्येक पटींनी जास्त वेळ टिकत होता. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना ते पटेना. शंका रास्तच होती. तापमान थेट मोजलेलं नव्हतं, चुंबकीय मोजमापांवरून काढलेलं होतं. मूठभर अतिवेगवान इलेक्ट्रॉनांमुळेही तसा आकडा येऊ शकला असता.

आर्त्सिमोविच वाद घालत बसले नाहीत. लेसरने तापमान मोजण्यात कलमचे शास्त्रज्ञ वाकबगार होते; त्यांनाच मॉस्कोला येऊन मोजण्याचं आमंत्रण दिलं गेलं. त्याच महिन्यात सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, तरी हा बेत मोडला नाही. ब्रिटिश तुकडी सुमारे पाच टन सामान घेऊन टी-३ जिथे होता त्या मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेत पोहोचली.

मोजण्याची रीत अशी : माणकाच्या लेसरचा झोत प्लाझ्मात सोडायचा आणि इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला प्रकाश टिपायचा. झोत एकाच रंगाचा, पण इलेक्ट्रॉन जितके वेगात धावतात तितक्या विखुरलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबी पसरतात. त्या पसाऱ्यावरून तापमान कळतं. अडचण एवढीच, की हा प्रकाश अत्यंत क्षीण आणि प्लाझ्मा स्वतःच लखलखत असतो. तरीही १९६९मध्ये मोजणी झाली आणि नोव्हेंबरात निष्कर्ष छापून आले. रशियनांचा दावा खरा होता!

प्रतिस्पर्ध्याच्या हाती आपलं यंत्र सोपवायला मोठं धाडस लागतं. शीतयुद्धाच्या ऐन भरात ते दाखवलं गेलं, म्हणून मला या घटनेचं मोल फार वाटतं. परिणामही लगेच दिसला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेने आपलं ‘मॉडेल सी’ स्टेलरेटर (प्लाझ्मा कोंडणारं वेगळ्या रचनेचं यंत्र) १९७०मध्ये टोकामॅकमध्ये बदलून टाकलं, आणि जगभर टोकामॅक उभे राहू लागले.

भारतातला ‘आदित्य’ टोकामॅक १९८९मध्ये गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत सुरू झाला. अनेक देश मिळून फ्रान्समध्ये उभारत असलेला ‘इटर’ही टोकामॅकच. त्याचं सुमारे ३,८५० टनांचं क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राला वेढणारं आणि आतला थंडावा राखणारं पोलादी पात्र, भारताने दिलं, आणि त्याचे भाग गुजरातमधल्या हजिऱ्याला तयार झाले. ऑक्टोबर २०१८मध्ये याच मालिकेतली सत्ताविसावी परिषद गांधीनगरला भरली.