लांबी, हायपो आणि खानापुरी वीट: बेळगाव भागातल्या घरगुती फिश टँकची पार्श्वभूमी

पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा फिल्टर, त्यात विटेचे तुकडे, फुटक्या कुंडीची गुहा, गणपतीच्या मखरातून उरलेला थर्माकोल. आमच्या बेळगाव-खानापूरकडे फिश टँकमध्ये कमी खर्चात काही सुधारणा करायची म्हटली की ह्याच वस्तू पुढे येतात. नव्या मुलांना वाटतं, हे सगळं मोबाईलवरच्या व्हिडिओंतून आलं. खरं तर यातल्या जवळजवळ प्रत्येक युक्तीमागे एक जुनी अडचण आहे. ती अडचण ठाऊक असली की कुठली युक्ती आपल्या टाकीला लागू पडेल आणि कुठली मासे मारेल, हेही कळतं.

आधी टाकीचंच बघू. काचेला काच चिकटवणारा सिलिकॉन येण्याआधी टाकी म्हणजे लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यात बसवलेल्या काचा आणि फटींत भरलेली लांबी, म्हणजे काचा बसवायची पुटी. बेळगाव हे फाउंड्री आणि मशीन शॉपचं गाव, त्यामुळे असा सांगाडा जोडून देणारा वेल्डर उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत सहज मिळायचा. आमच्या घरची पहिली टाकी अशीच होती. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा ती रिकामी करून ठेवली. परत येऊन पाणी भरलं तर कोपऱ्यातून थेंब थेंब गळायला लागलं, कारण लांबी वाळून तडकली होती. अमेरिकेत 1960 च्या दशकात सिलिकॉनने जोडलेल्या निव्वळ काचेच्या टाक्या होऊ लागल्या. आपल्याकडे ती पद्धत बऱ्याच उशिरा रुळली, पण रुळल्यावर घरी टाकी जोडणं कुणालाही जमण्यासारखं झालं. पथ्यं दोनच. सिलिकॉन बुरशीनाशक न घातलेला असावा, आणि जोडल्यावर आठवडाभर टाकी कोरडी ठेवावी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण 56 लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन 56 किलो. काचेच्या तळाखाली थर्माकोलचा पत्रा घालतात तो यासाठीच. टेबल कुठे किंचित उंचसखल असलं तरी भार एका जागी येत नाही.

टाकीत मासे जगवायचे कसे, हा प्रश्न त्याहून जुना आहे. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाहिल्या आणि 1850 मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला. वनस्पती प्राणवायू देते, कुजलेली पानं गोगलगायी खातात, पाणी स्वच्छ राहतं, असा त्यांचा हिशोब. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. आपल्याकडे मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 चं. वॉरिंग्टनच्या हिशोबातला अर्धाच भाग बरोबर होता, कारण माशांच्या कल्ल्यांतून सतत बाहेर पडणाऱ्या अमोनियाचं काय होतं, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. हे काम, म्हणजे नायट्रीकरण, करणारे जिवाणू रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी 1890 मध्ये वेगळे काढले. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषारी, तिसरं बरंच सौम्य. घरच्या फिल्टरचा सगळा अर्थ एवढाच आहे की या जिवाणूंना बसायला जागा आणि श्वास घ्यायला वाहतं पाणी द्यायचं.

म्हणून मला बाटलीचा फिल्टर हा सगळ्यात मोलाचा घरगुती उद्योग वाटतो. अर्ध्या लिटरची बाटली घ्यायची, तिला तापल्या खिळ्याने भोकं पाडायची, आत भरड स्पंज, मधोमध उभी नळी आणि नळीच्या तळाशी हवेच्या पंपाची बारीक ट्यूब. बुडबुड्यांमुळे नळीतलं पाणी हलकं होऊन वर चढतं आणि त्याच्या जागी स्पंजातून गाळलेलं पाणी आत येतं. जिवाणूंना बसायला जागा म्हणून बाजारात महागडी सिरॅमिकची कडी मिळतात. खानापूरच्या लोकांनी ती विकत घ्यावीत याचं मला खरोखर वाईट वाटतं. विटा, कौलं आणि मडकी यांचा हा तालुका. खादी आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थासुद्धा खानापुरातच आहे. चांगली भाजलेली, झिलई नसलेली वीट किंवा कौल फोडून बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत, पाणी लाल यायचं थांबेपर्यंत धुवावेत आणि फिल्टरमध्ये भरावेत. त्या सच्छिद्र मातीत जिवाणू उत्तम बसतात. कच्ची वीट मात्र विरघळून चिखल होते. फुटकी कुंडी आडवी ठेवली की लाजऱ्या माशाला आडोसा मिळतो, फक्त तिच्या धारदार कडा कानशीने घासून घ्याव्यात.

जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि इथेच बहुतेकांचा घात होतो. पाणी गढूळ दिसलं की टाकी रिकामी करून, स्पंज नळाखाली पिळून सगळं लख्ख करतात. दोन दिवसांनी मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात. शेजारच्या काकू दारातूनच विचारायच्या, “सगळं पाणी बदललास काय रे?” त्यांचं निदान अचूक असायचं. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावं आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा.

कारण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि तो हे जिवाणू मारतो. आमच्या लहानपणी हा प्रश्न नव्हता. बेळगावात घरोघरी आड होते आणि टाकीत आडाचंच पाणी जायचं. आता राकसकोप आणि हिडकल या धरणांचं शुद्ध केलेलं पाणी येतं. बादलीत रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन बहुतेक उडून जातो. घाई असेल तर अँटिक्लोर म्हणून जे खडे मिळतात ते सोडियम थायोसल्फेटचे. जुन्या फोटो स्टुडिओंत फिल्म पक्की करायला लागणारा हायपो तो हाच. पावसाळ्यात पाणी तांबूस आलं की काही जण थेट टाकीत तुरटी फिरवतात. पिण्याच्या हंड्यात ठीक, टाकीत नको. मुळात मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी तुरटीने आम्लधर्मी होतं आणि मासे त्रासतात. निवळायचंच असेल तर वेगळ्या बादलीत चोवीस तास स्थिर ठेवावं.

मऊ म्हणालो ते जिल्ह्याच्या पश्चिमेकडचं. खानापुरात जांभा दगड आणि धुवांधार पाऊस, म्हणून पाणी मऊ. तेच पूर्वेकडच्या अथणी, सौंदत्तीच्या काळ्या रानात बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षार जास्त. त्यामुळे एकाची युक्ती दुसऱ्याला चालत नाही. चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला गेलेली माणसं हौसेने शिंपले आणतात आणि टाकीत मांडतात. शिंपल्यातला चुना हळूहळू विरघळून पाणी जड करतो. खानापुरातल्या गप्पी माशाला ते मानवतं, अथणीत आणखी जड करून काय मिळवायचं? नदीतून आणलेल्या गोट्यांवर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावेत. फसफसलं तर त्यात चुना आहे.

उजेडाचा प्रश्न आता सुटल्यात जमा आहे. ट्यूबलाइटच्या चोकचा काळ गेला. 2015 च्या उजाला योजनेनंतर एलईडी बल्ब स्वस्त झाले, आणि पांढऱ्या उजेडाचा नऊ वॅटचा एक बल्ब दोन फुटी टाकीतल्या व्हॅलिस्नेरियाला पुरतो.

थंडीचं मात्र बेळगावला वेगळं बघावं लागतं. गाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर, डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा. गोल्डफिशला त्याचं काही नाही. एंजल माशाच्या अंगावर मात्र पांढरे ठिपके येतात. हीटर घेतला तरी उघड्या काचांतून ऊब निघून जाते. मग गणपतीनंतर माळ्यावर टाकलेला थर्माकोल खाली काढायचा, टाकीच्या मापाने कापायचा आणि मागच्या व दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून चिकटपट्टीने लावायचा. वरून झाकण ठेवायचं, हवेसाठी बोटभर फट सोडून. हीटर कमी वेळ चालतो, आणि करंट गेला तरी पाणी सकाळपर्यंत एकदम गार पडत नाही.