बुडत्याला वाचवणाऱ्या स्वयंसेवकासाठी पदक: पात्रता, कागदपत्रं आणि फाईल कुठे अडते

स्वयंसेवकाला राष्ट्रीय पदक मिळतं का, असं किनाऱ्यावरच्या गावांतून वारंवार विचारलं जातं. एका प्रश्नात इथे दोन वेगळ्या पदकांची सरमिसळ होते. एक असतं स्मृतिपदक, म्हणजे स्वातंत्र्याच्या वर्धापनासारख्या प्रसंगी निघणारं. दुसरं असतं जीव वाचवण्याच्या कामगिरीचं. दोन्हींचे नियम, कागद आणि वाटा वेगळ्या आहेत. गावाने एकाच्या अपेक्षेत दुसऱ्याची मुदत घालवू नये, म्हणून हे सविस्तर.

स्मृतिपदक नावनोंदणीवर मिळतं

स्वातंत्र्याच्या २५व्या आणि ५०व्या वर्धापनदिनी जी पदकं निघाली, त्यांचा निकष साधा होता: १५ ऑगस्ट १९७२ रोजी, आणि पुढच्या वेळी १५ ऑगस्ट १९९७ रोजी, तुम्ही सेवेत होता का? सैन्यदलं, निमलष्करी दलं, पोलीस अशा गणवेशातल्या सेवांसाठी ती होती. कुणी काय पराक्रम केला हे त्यात पाहिलं जात नाही. ठरल्या तारखेला सेवापटावर नाव असलं की पदक लागू होतं.

आणि इथेच आपला माणूस बाहेर राहतो. वीस पावसाळे खाडीत होडी घालून माणसं काढणाऱ्या तांडेलाचं (होडीच्या प्रमुखाचं) नाव कोणत्याच पटावर नसतं, त्यामुळे तो सेवेत होता हे सिद्ध करणारा कागदही नसतो.

स्वयंसेवकांना स्मृतिपदकात जागा असावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. ब्रिटनमध्ये राणी एलिझाबेथ यांच्या राज्याला ७० वर्षं झाल्याबद्दल निघालेल्या २०२२ च्या प्लॅटिनम ज्युबिली पदकासाठी पाच पूर्ण वर्षं सेवा झालेले लाइफबोटीवरचे आणि डोंगर-बचाव पथकांतले स्वयंसेवक पात्र धरले होते. तीच पद्धत इथेही बसते: लेखी नोंदणी, किमान वर्षांची अट आणि अधिकाऱ्याने साक्षांकित केलेली हजेरी. अट मात्र हवीच. एखाद्या पुरात धावून आलेल्या माणसाचं मोल कमी नाही, पण त्याच्यासाठी कामगिरीचं पदक आहे. स्मृतिपदक सातत्याच्या सेवेचं राहिलं पाहिजे.

नियम बदलेपर्यंत गावाच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे माणसांना पटावर आणणं. गृहरक्षक दल ही मुळात स्वयंसेवकांचीच संघटना. ती मुंबईत ६ डिसेंबर १९४६ रोजी उभी राहिली. तिथे भरती निघते, वय, उंची आणि दहावी उत्तीर्ण अशा अटी असतात, आणि बंदोबस्ताच्या दिवसांचा भत्ता मिळतो. नागरी संरक्षण दलाला १९६८ च्या कायद्याचा आधार आहे. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षणाच्या देशव्यापी मॉक ड्रिलसाठी (सरावासाठी) जाहीर झालेल्या ठिकाणांत उरण, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग होते, म्हणजे कोकणात ही यंत्रणा कागदावर तरी आहेच. आपदा मित्र म्हणून १२ दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्यांची यादी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे असते. सागर रक्षक दलाच्या (किनाऱ्यावर नजर ठेवणाऱ्या गावकऱ्यांच्या) सदस्यांची नोंद पोलीस ठाण्यात असते. यांपैकी कुठेही नाव असलं तर ओळखपत्राची आणि प्रमाणपत्राची प्रत, तसंच प्रत्येक सरावाच्या हजेरीची नोंद जपून ठेवा.

गृहरक्षक आणि नागरी संरक्षण दलाच्या सदस्यांना आणखी एक वाट आहे. २०२४ पासून पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक-नागरी संरक्षण आणि कारागृह सेवांची १६ पदकं एकत्र करून चार केली आहेत: शौर्याची दोन आणि सेवेची दोन. त्यांची शिफारस दलामार्फतच जाते, म्हणून चौकशी जिल्हा समादेशक कार्यालयात करावी.

पटावर नसलेल्यासाठी: जीवन रक्षा पदक

हे पदक १९६१ पासून दिलं जातं. बुडणं, आग, अपघात, वीज लागणं, दरड कोसळणं अशा प्रसंगांत माणसाचा जीव वाचवणाऱ्या कोणत्याही स्त्री-पुरुषाला ते मिळू शकतं, मग तो मच्छीमार असो, टपरीवाला असो की कॉलेजचा विद्यार्थी. मरणोत्तरही दिलं जातं. सैन्य, पोलीस आणि अग्निशमन दलाचे लोकही पात्र असतात, पण कृत्य कर्तव्याबाहेरचं असेल तरच. ग्रामपंचायतीने किंवा नगरपंचायतीने मानधनावर ठेवलेल्या जीवरक्षकाच्या बाबतीत ड्युटीचा प्रश्न हमखास निघतो, म्हणून त्याची नेमणूक कोणत्या वेळेची, कोणत्या पट्ट्यातली, आणि घटना केव्हा-कुठे घडली हे आधीच खरं-खरं लिहा. लपवलेली नेमणूक पडताळणीत सापडली तर अख्ख्या फाईलवर संशय येतो.

श्रेणी तीन आहेत. सर्वोत्तम जीवन रक्षा पदक वाचवणाऱ्याच्या जिवाला अतिशय मोठा धोका असताना दाखवलेल्या असामान्य धैर्यासाठी, रक्कम २ लाख रुपये. उत्तम जीवन रक्षा पदक जिवाला मोठा धोका असतानाच्या धैर्य आणि तत्परतेसाठी, १.५ लाख. जीवन रक्षा पदक वाचवणाऱ्याला गंभीर शारीरिक इजेचा धोका पत्करावा लागला असेल तेव्हा, १ लाख. सोबत पदक आणि केंद्रीय गृहमंत्र्यांच्या सहीचं प्रमाणपत्र मिळतं. नावं सहसा प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास जाहीर होतात आणि पदक पुढे राज्य शासनामार्फत दिलं जातं.

या तिन्ही व्याख्या पुन्हा वाचा. मोजमाप वाचवणाऱ्याच्या धोक्याचं आहे. किती जण वाचले हा आकडा त्यानंतर येतो. गावाकडून येणाऱ्या बहुतेक अर्जांत वाचलेल्यांची नावं, त्यांची अवस्था, त्यांच्या आईवडिलांचे अश्रू असं सगळं असतं. वाचवणारा कोणत्या पाण्यात उतरला होता, त्याबद्दल मात्र एक ओळ.

कागद पहिल्या दोन दिवसांत होतात

पर्यटक वाचला की तासाभरात गाडी पुण्या-कोल्हापूरकडे निघते. नंतर फोन लागत नाही, लागला तरी घरच्यांना पोलीस-कचेरी नको असते. म्हणून वाचलेल्या माणसाचं नाव, पत्ता, मोबाईल आणि स्वतःच्या अक्षरात चार ओळींचं निवेदन तो किनाऱ्यावर किंवा दवाखान्यात असतानाच घ्या. या कागदाइतकं वजन दुसऱ्या कशालाच नाही.

त्याच दिवशी पोलीस ठाण्यात घटनेची नोंद करायला लावा. कुणी दगावलं असेल तर अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा होतोच, आणि त्यात वाचवणाऱ्याचं नाव आलं आहे का ते पाहा. सगळे सुखरूप असले तर मात्र कुणी काहीच लिहीत नाही आणि सहा महिन्यांनी 'घटना घडल्याची नोंद नाही' असा शेरा येतो. अशा वेळी पोलीस पाटलांचा लेखी अहवाल ठाण्यात देऊन पोच घ्या. ११२, तटरक्षक दलाचा १५५४ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ यांपैकी कुठे फोन केला असेल तर तारीख आणि वेळ टिपून ठेवा. कॉलची नोंद नंतर मागवता येते.

वाचवणाऱ्याला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. खडकावरच्या शिंपल्यांनी सोलून निघालेले पाय, ताणलेला खांदा, पोटात गेलेलं खारं पाणी याला आपल्याकडे कुणी दुखापत समजत नाही; हळद लावून माणूस दुसऱ्या दिवशी जाळी ओढायला जातो. पण ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर नसेल तर इजेचा एकही पुरावा उरत नाही. खाजगी डॉक्टरचा दहा दिवसांनंतरचा दाखला फारसा चालत नाही.

साक्षीदार दोन-तीन पुरेत, पण त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेलं असावं आणि निदान एक जण नात्यातला किंवा त्याच मंडळातला नसावा. वर्तमानपत्राचं कात्रण जोडा, मात्र ते मुख्य पुरावा म्हणून नको. बातमीत नावं आणि वेळा चुकतात, आणि मग तीच चूक तुमच्या अर्जाच्या विरोधात उभी राहते.

यासोबत आधार, जन्मतारखेचा पुरावा, रहिवासी दाखला, फोटो, बँक पासबुक. नाव सगळीकडे एकसारखं हवं. गावात ज्याला सगळे बाळू म्हणतात त्याचं शाळेच्या दाखल्यावर वेगळंच नाव असतं आणि पोलिसांच्या नोंदीत बाळूच लिहिलेलं असतं. अशा वेळी 'ही एकच व्यक्ती' असा दाखला आधीच करून घ्यावा. मरणोत्तर प्रस्तावाला मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि वारसाचे कागद लागतात.

घटनेचं वर्णन कसं लिहावं

'अमुक याने जिवाची पर्वा न करता धाडसाने तिघांना वाचवले' या वाक्यातून अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: तारीख, वेळ दुपारी ३.४०, ओहोटी लागून दीड तास झालेला, पाण्याची ओढ खाडीच्या तोंडाकडे, बावटा लाल, बुडणारे किनाऱ्यापासून अंदाजे ८० मीटरवर, लाईफ जॅकेट, रिंग, दोर यांपैकी काहीच जवळ नाही, पहिल्याला आणून तो पुन्हा आत गेला, दुसऱ्याने घाबरून गळ्याला मिठी मारल्याने दोघेही पाण्याखाली गेले, एकूण अंदाजे २० मिनिटं पाण्यात. हा नमुना आहे, आकडे तुमच्या घटनेचेच घाला, आणि अंतर नजरेने मोजलेलं असेल तर 'अंदाजे' लिहा.

भरती-ओहोटीची वेळ बंदर कार्यालयाच्या तक्त्यावरून पडताळा. उधाणाचा (मोठ्या भरतीचा) दिवस होता की भांगाचा (लहान भरतीचा), हे लिहिल्याने धोका नेमका कळतो. हवामान खात्याने त्या दिवशी इशारा दिला असेल तर त्याची प्रत जोडा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळातली घटना असेल तर तेही नमूद करा, कारण मदतीला यांत्रिक होड्या पाण्यात नव्हत्या हे त्यातून दिसतं.

होडीतून सहा जण गेले असतील तर गावाला सहाही नावं द्यावीशी वाटतात. भावना योग्य आहे, पण पदक व्यक्तीला मिळतं. प्रत्येकाचं वेगळं प्रपत्र करा आणि कुणी उडी मारली, कुणी सुकाणू धरलं, कुणी दोर टाकला हे वेगळं लिहा. सहा फाईलींत एकच उतारा चिकटवला की कुणाचाच धोका सिद्ध होत नाही.

प्रस्ताव कुठून कुठे जातो

शिफारस राज्य शासनाची लागते. गावाने तहसीलदारांकडे अर्ज द्यावा आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला द्यावी. पोलिसांचा अहवाल मागवला जातो, जिल्हाधिकाऱ्यांचा अभिप्राय होतो, प्रस्ताव मंत्रालयात आणि तिथून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. नामांकन राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवरही भरता येतं, पण वरचे कागद नसतील तर नुसतं ऑनलाईन भरून फारसा उपयोग नाही.

मुदत सहसा ३० सप्टेंबरची असते आणि घटना साधारण मागच्या दोन वर्षांतली लागते. त्या वर्षाच्या परिपत्रकातली तारीख बघून घ्या. २२ जुलै २०२१ च्या महाड-चिपळूणच्या पुरात आणि तळियेच्या दरडीत जे धावले, त्यांच्यासाठी ही दोन वर्षं २०२३ मध्येच संपली. ३० सप्टेंबर ही केंद्राकडे पोचण्याची मुदत समजा. गावातून प्रस्ताव मे अखेर निघाला पाहिजे, कारण जून लागला की महसूल आणि पोलीस दोन्ही खाती पुरात आणि मग गणपतीच्या बंदोबस्तात अडकतात.

संपूर्ण पथकाचं काम मोठं असेल तर सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार वेगळा आहे: संस्थेला ५१ लाख, व्यक्तीला ५ लाख रुपये, घोषणा २३ जानेवारीला. त्याला स्वतः अर्ज करता येतो. मुंबई-गोवा महामार्गावर जखमींना उचलणाऱ्यांसाठी राहवीर योजना आहे. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोचवल्यास २५ हजार रुपये.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक घ्या. दर महिन्याला त्याच क्रमांकाचा हवाला देऊन विचारणा करा, आणि प्रस्ताव जिल्ह्यातून पुढे गेला की जावक क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. मंत्रालयात चौकशी त्या जावक क्रमांकावरच होते.